खासदार राजीनामा देतो तेव्हा: लोकसभेची पोटनिवडणूक समजून घेऊ या

पोटनिवडणूक लागली की मोहल्ल्यात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात एकच सवाल ऐकू येतो: "आत्ताच तर मत दिलं होतं, पुन्हा कशाला?" सवाल रास्त आहे. पाच वर्षांसाठी निवडून दिलेला माणूस मध्येच जागा सोडून जातो आणि आपल्याला पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. मग पुष्कळ लोक ठरवतात, जाऊ दे, या वेळेला घरीच बसू.

आमचं म्हणणं उलट आहे. राजीनामा देताना खासदार आपल्याला विचारत नाही. त्याच्या जाण्याबद्दल आपल्याला काय वाटतं हे सांगण्याची एकच अधिकृत जागा असते, ती म्हणजे पोटनिवडणूक. म्हणून ती कशी लागते, कधी लागत नाही, महाराष्ट्रात आणि बाहेर काय काय घडलं आणि आपल्या घरात काय तयारी असावी, हे सगळं इथे एका ठिकाणी मांडत आहोत. कोणत्याही पक्षाची बाजू घेण्याचा इथे हेतू नाही.

जागा रिकामी कशी होते

खासदाराचा मृत्यू झाला, न्यायालयाच्या शिक्षेमुळे किंवा पक्षांतरामुळे तो अपात्र ठरला, त्याची निवड रद्द झाली किंवा त्याने राजीनामा दिला, तर लोकसभेची जागा मुदतीआधी रिकामी होते. या लेखात आपण मुख्यतः राजीनाम्याबद्दल बोलणार आहोत.

संविधानाच्या कलम १०१ प्रमाणे लोकसभेच्या खासदाराला आपल्या सहीने लेखी राजीनामा लोकसभा अध्यक्षांकडे द्यावा लागतो. टीव्हीवर घोषणा केली, पक्षाच्या कार्यालयात पत्र दिलं किंवा सभेत सांगितलं, म्हणून जागा रिकामी होत नाही. अध्यक्षांनी राजीनामा स्वीकारला की मगच ती रिकामी होते. १९७४ मध्ये ३३ वी घटनादुरुस्ती झाली. तेव्हापासून राजीनामा स्वखुशीने दिलेला आणि खरा आहे का, याची चौकशी अध्यक्ष करू शकतात. कोणी दबाव टाकून सही घेतली असेल, तर तो राजीनामा नाकारता येतो.

राजीनामे का दिले जातात

साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार दोन जागांचा. कायद्याने एका उमेदवाराला एकाच वेळी दोन मतदारसंघांतून उभं राहता येतं. १९९६ पूर्वी याला मर्यादा नव्हती, आता दोनची आहे. दोन्हीकडे निवडून आल्यास १४ दिवसांत एक जागा सोडावी लागते. नाही सोडली, तर दोन्ही जातात. २०२४ मध्ये राहुल गांधी केरळमधल्या वायनाडमधून आणि उत्तर प्रदेशातल्या रायबरेलीतून निवडून आले. त्यांनी रायबरेली ठेवली आणि वायनाडला पोटनिवडणूक झाली.

दुसरा प्रकार दुसऱ्या सभागृहात जाण्याचा. एकच माणूस लोकसभेत आणि विधानसभेत किंवा विधान परिषदेत एकत्र बसू शकत नाही. उत्तर प्रदेशात २०१७ मध्ये योगी आदित्यनाथ मुख्यमंत्री आणि केशव प्रसाद मौर्य उपमुख्यमंत्री झाले. दोघेही तेव्हा खासदार होते. पुढे ते विधान परिषदेवर गेले, त्यामुळे गोरखपूर आणि फुलपूर या जागा रिकाम्या झाल्या.

तिसरा प्रकार पक्ष सोडण्याचा. महाराष्ट्रातली दोन ठळक उदाहरणं याच प्रकारातली आहेत. ती नीट कळण्यासाठी पक्षांतरबंदी कायदा समजून घ्यावा लागतो. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलात तो पक्ष तुम्ही स्वखुशीने सोडला, तर खासदारकी जाऊ शकते. पण खासदारकीचाच राजीनामा देऊन माणूस दुसऱ्या पक्षात गेला, तर त्याच्याकडून काढून घ्यायला काही उरत नाही. तो नव्या पक्षाच्या तिकिटावर त्याच मतदारसंघातून पुन्हा उभा राहू शकतो. आता निर्णय मतदाराने करायचा असतो.

इथे एक बारकावा आहे. आधी पक्षांतर करायचं आणि कारवाई होईल असं दिसलं की राजीनामा पुढे करायचा, असं केल्याने आधीचं पक्षांतर धुऊन निघत नाही. कर्नाटकातल्या १७ आमदारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१९ रोजी त्यांची अपात्रता कायम ठेवली. मात्र विधानसभेची मुदत संपेपर्यंत त्यांना निवडणूक लढवता येणार नाही, हा अध्यक्षांच्या आदेशातला भाग रद्द केला. त्यामुळे ते पोटनिवडणुकीत उभे राहू शकले.

सहा महिन्यांचा नियम

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये १९९६ साली कलम १५१-अ घालण्यात आलं. त्याप्रमाणे जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावी लागते. याला दोन अपवाद आहेत. सभागृहात त्या जागेची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, तर पोटनिवडणूक बंधनकारक नाही. दुसरा अपवाद असा की निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून, सहा महिन्यांत निवडणूक घेणं अवघड आहे असं प्रमाणित केलं, तर ती लांबू शकते.

या अपवादांचा अर्थ पुणेकरांनी अनुभवला आहे. खासदार गिरीश बापट यांचं २९ मार्च २०२३ रोजी निधन झालं. तेव्हा लोकसभेचं एक वर्षाहून जास्त आयुष्य उरलं होतं, तरीही पोटनिवडणूक लागली नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने आयोगाची कारणं अमान्य करून लगेच निवडणूक घ्यायला सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, कारण तोवर सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. पुण्यासारखं मोठं शहर जून २०२४ पर्यंत, म्हणजे वर्षाहून जास्त काळ, लोकसभेत खासदाराविना राहिलं.

अकोल्यात याच्या उलट झालं. अकोला पश्चिम या विधानसभेच्या जागेवर २६ एप्रिल २०२४ ला पोटनिवडणूक घेण्याचं आयोगाने जाहीर केलं होतं. नव्या आमदाराला एक वर्षही मिळणार नव्हतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये ती अधिसूचना रद्द केली.

जागा रिकामी असताना त्या भागाचे प्रश्न लोकसभेत मांडायला कोणी नसतं. खासदार निधी वर्षाला पाच कोटी रुपये असतो, पण त्यातून नवीन कामं सुचवायला तिथला खासदार नसतो. रेल्वेचा थांबा असो, आजारी माणसासाठी मदतीचं पत्र असो किंवा पासपोर्टचं अडलेलं काम असो, लोक कोणाचं दार ठोठावणार? म्हणून सहा महिन्यांचा नियम महत्त्वाचा आहे.

पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या खासदाराला पूर्ण पाच वर्षं मिळत नाहीत. त्या लोकसभेची जेवढी मुदत बाकी असेल, तेवढीच त्याला मिळते.

भंडारा-गोंदिया, २०१८

पोटनिवडणुकीच्या इतिहासात भंडाऱ्याचं नाव जुनं आहे. १९५४ मध्ये इथल्याच पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते आणि पराभूत झाले होते. त्यानंतर ६४ वर्षांनी या मतदारसंघाकडे पुन्हा देशाचं लक्ष गेलं.

२०१४ मध्ये भाजपचे नाना पटोले इथून सुमारे दीड लाख मतांनी निवडून आले होते. त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसच्या प्रफुल्ल पटेलांना हरवलं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये पटोलेंनी शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर आपल्याच सरकारवर टीका करत खासदारकी आणि भाजप दोन्ही सोडलं. पुढच्या महिन्यात ते काँग्रेसमध्ये गेले. पोटनिवडणुकीला ते स्वतः उभे राहिले नाहीत. जागा राष्ट्रवादीकडे गेली. तुमसरचे माजी आमदार मधुकर कुकडे राष्ट्रवादीचे उमेदवार झाले आणि भाजपने हेमंत पटले यांना उभं केलं.

या निवडणुकीचं वेळापत्रक पाहिलं की पोटनिवडणूक किती झटपट उरकते हे कळतं. ३ मे रोजी अधिसूचना निघाली. १० मे ही अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती. ११ मे रोजी छाननी झाली आणि १४ मेपर्यंत माघार घेता आली. २८ मे रोजी मतदान झालं आणि ३१ मे रोजी मतमोजणी. अधिसूचनेपासून मतदानापर्यंत २५ दिवस. सार्वत्रिक निवडणुकीची हवा महिनोन्‌महिने तापत असते. इथे तसं नसतं. दोन आठवडे गाफील राहिलं की संधी हातची जाते.

मतदारसंघ लहान नव्हता. भंडारा जिल्ह्यातले तुमसर, भंडारा आणि साकोली, तर गोंदिया जिल्ह्यातले अर्जुनी मोरगाव, गोंदिया आणि तिरोडा असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. मे महिन्याचं विदर्भातलं ऊन होतं आणि रमजानचे रोजेही चालू होते. त्यात मतदान यंत्रं आणि व्हीव्हीपॅट बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. काही ठिकाणी लोक तासन्‌तास ताटकळले. शेवटी ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावं लागलं. ज्यांनी एकदा उन्हात रांग लावली होती, त्यांना दोन दिवसांनी पुन्हा यावं लागलं.

कुकडे ४८,०९७ मतांनी जिंकले. चार वर्षांपूर्वीचं दीड लाखाचं अंतर भरून निघालं आणि निकाल उलटा लागला. कुकडेंना जेमतेम एक वर्ष मिळालं. २०१९ मध्ये ही जागा भाजपच्या सुनील मेंढे यांनी घेतली आणि २०२४ मध्ये काँग्रेसचे प्रशांत पडोळे निवडून आले. म्हणजे ही जागा कोणाच्याच मालकीची नाही. प्रत्येक वेळी मतदाराने नव्याने हिशेब केला.

सातारा, २०१९

साताऱ्यात राजीनामा आणखी लवकर आला. मे २०१९ मध्ये उदयनराजे भोसले राष्ट्रवादीच्या तिकिटावर सव्वा लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. निकालाला चार महिनेही झाले नव्हते, तोच १४ सप्टेंबर २०१९ रोजी त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि भाजपमध्ये प्रवेश केला. पोटनिवडणूक विधानसभेच्या मतदानाबरोबरच २१ ऑक्टोबरला ठेवण्यात आली. त्या दिवशी सातारकरांनी एकाच केंद्रात दोन मतं दिली, एक आमदारासाठी आणि एक खासदारासाठी.

उदयनराजे भाजपतर्फे उभे राहिले. समोर राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील होते. पाटील हे माजी सनदी अधिकारी, कराडचे माजी खासदार आणि सिक्कीमचे माजी राज्यपाल. १८ ऑक्टोबरला शरद पवारांची भर पावसातली सभा झाली, ती सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. लोकसभेचा उमेदवार निवडताना आपली चूक झाली, अशी कबुली पवारांनी त्या सभेत दिली आणि ती दुरुस्त करायला लोकांना सांगितलं. २४ ऑक्टोबरला निकाल लागला. पाटील ८७,७१७ मतांनी विजयी झाले.

मे महिन्यात ज्यांनी उदयनराजेंना मोठ्या फरकाने निवडून दिलं, त्याच मतदारसंघाने पाच महिन्यांत त्यांना नाकारलं. पण गोष्ट इथे संपली नाही. उदयनराजे २०२० मध्ये राज्यसभेवर गेले आणि २०२४ मध्ये त्याच साताऱ्याने त्यांना भाजपचे खासदार म्हणून लोकसभेवर पाठवलं. पक्ष बदलणारा माणूस कायमचा हरतो असा नियम यातून काढता येत नाही. एवढंच म्हणता येतं की साताऱ्यात लोकांना लगेच विचारलं गेलं आणि त्यांनी उत्तर दिलं.

महाराष्ट्राबाहेरचे तीन धडे

पहिला धडा गोरखपूर आणि फुलपूरचा. ११ मार्च २०१८ रोजी तिथे पोटनिवडणूक झाली. मुख्यमंत्र्यांनी आणि उपमुख्यमंत्र्यांनी सोडलेल्या जागा म्हणून त्या पक्क्या समजल्या जात होत्या. दोन्ही जागा समाजवादी पक्षाने जिंकल्या. पण मतदान बघा. गोरखपुरात ते ४७ टक्क्यांच्या आसपास होतं आणि फुलपुरात तर सुमारे ३७ टक्के. फुलपुरात दर दहा मतदारांतले सहा जण घरी राहिले आणि उरलेल्या चौघांनी सगळ्यांसाठी खासदार निवडला.

दुसरा धडा केरळमधल्या मलप्पुरमचा. हा मुस्लिमबहुल मतदारसंघ मुस्लिम लीगचा गड मानला जातो. २०१९ मध्ये पी. के. कुन्हालीकुट्टी इथून २.६० लाख मतांनी जिंकले होते. २०२१ मध्ये राज्याच्या राजकारणात परतण्यासाठी त्यांनी खासदारकी सोडली. ६ एप्रिल २०२१ रोजी विधानसभेच्या मतदानाबरोबर पोटनिवडणूक झाली. लीगचेच अब्दुस्समद समदानी निवडून आले, पण फरक सुमारे १.१४ लाखांवर आला. पक्ष तोच, मतदारसंघ तोच, तरी निम्म्याहून जास्त आघाडी गेली. आपलेच लोक आहेत, जातील कुठे, असं गृहीत धरणाऱ्या कोणत्याही पक्षाने हा आकडा लक्षात ठेवावा.

तिसरा धडा वायनाडचा. १३ नोव्हेंबर २०२४ च्या पोटनिवडणुकीत प्रियांका गांधी ४ लाखांहून जास्त मतांनी जिंकल्या. मतदान मात्र सात महिन्यांपूर्वीच्या सुमारे ७३ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांच्या आसपास घसरलं. निकाल ठरल्यासारखा वाटला की लोक येत नाहीत.

ठरल्यासारखा वाटणारा निकाल किती थोडक्यात फिरू शकतो, हे नांदेडने दाखवलं. तिथली जागा राजीनाम्यामुळे नव्हे, तर खासदार वसंत चव्हाण यांच्या निधनामुळे रिकामी झाली होती. २० नोव्हेंबर २०२४ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव, काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी जिंकले. अख्ख्या लोकसभा मतदारसंघात १,४५७ म्हणजे एखाद्या मोठ्या मोहल्ल्याची मतं.

खर्च कोणाच्या खिशातून

लोकसभेच्या निवडणुकीचा खर्च केंद्र सरकार करतं, म्हणजे आपल्या करातून होतो. ज्याने जागा सोडली त्याच्याकडून एक रुपयाही घेतला जात नाही. निवडणूक आयोगाने २००४ मध्ये सुचवलं होतं की एका माणसाला एकाच जागेवरून लढू द्यावं. ते जमत नसेल, तर दुसरी जागा सोडून पोटनिवडणूक लादणाऱ्याने लोकसभेसाठी १० लाख आणि विधानसभेसाठी ५ लाख रुपये भरावेत. ही सूचना अजून कायद्यात आलेली नाही. दोन जागांची मुभा रद्द करावी अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये फेटाळली आणि हा संसदेने ठरवायचा विषय आहे असं सांगितलं.

शिक्षकांचा वेळही यात धरावा लागतो. आम्ही शाळेत असल्यामुळे हे जवळून दिसतं. केंद्रावर बसणारे बरेच कर्मचारी शिक्षक असतात आणि शाळेच्या खोल्यांची मतदान केंद्रं होतात. तेवढे दिवस वर्ग बंद राहतात.

आपल्या घरात काय तयारी हवी

पोटनिवडणुकीसाठी वेगळी मतदार यादी नसते. विधानसभेची जी यादी आहे, तीच वापरतात. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवं नाव येत नाही. त्यातही नव्या अर्जावर आक्षेप मागवायला सात दिवस जातात. म्हणून निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी, किंवा त्याआधीच, यादी बघा. हेल्पलाइन क्रमांक १९५० आहे. तुमच्या भागातल्या बीएलओकडेही चौकशी करता येते.

• घरात कोणी १८ वर्षांचं झालं असेल, तर नमुना ६ भरा. पात्रतेच्या तारखा आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो.

• लेकीचं लग्न होऊन ती सासरी गेली, की तिचं नाव पुष्कळदा माहेरच्या यादीतच राहतं. मग मतदानाच्या दिवशी ती दोन्हीकडची राहत नाही. पत्ता बदलासाठी नमुना ८ भरावा. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला धरून नाही.

• नावाचं लेखन तपासा. आपल्या घरांत हा घोळ फार होतो. एकाच माणसाचं नाव कुठे महंमद, कुठे मोहम्मद, कुठे नुसतं मो. असतं. शेख कधी नावाआधी येतं, कधी नंतर. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना इस्माईल, खदीजा, अब्दुल गफ्फार अशा नावांची दर कागदावर नवी रूपं तयार होतात. आधार, मतदार ओळखपत्र आणि यादी समोरासमोर ठेवून बघा. दुरुस्तीसाठीही नमुना ८ च आहे.

• घरातलं कोणी अल्लाहला प्यारं झालं असेल, तर नमुना ७ भरून त्यांचं नाव कमी करून घ्या. मयताच्या नावावर दुसऱ्याने मत टाकायला वाव राहू नये.

• कामासाठी मुंबई, भिवंडी किंवा पुण्यात राहणारा मुलगा गावच्या यादीत असेल, तर त्याला आधीच कळवा. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. कलम १३५-ब पोटनिवडणुकीलाही लागू होतं. नोकरी मतदारसंघाबाहेर असली तरी मतदार तिथला असेल, तर त्याला सुट्टी मिळते. रोजंदारीवरच्या कामगारालाही ती आहे.

• घरात ८५ वर्षांवरील बुजुर्ग किंवा ४० टक्के अथवा त्याहून जास्त अपंगत्व असलेली व्यक्ती असेल, तर नमुना १२-ड भरून घरबसल्या मतदान करता येतं. अधिसूचना निघाल्यावर हा अर्ज लवकर द्यावा लागतो.

मतदानाच्या दिवशी

मतदार ओळखपत्र सापडत नाही म्हणून घरी बसू नका. यादीत नाव असेल, तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगा जॉब कार्ड अशांपैकी एक चालतं. नुसती मतदार चिठ्ठी ओळखीसाठी पुरत नाही.

बुरखा किंवा नकाब घालणाऱ्या भगिनींची ओळख महिला कर्मचाऱ्याने आडोशाला पटवून घेण्याची सोय असते. ती मागायला संकोच करू नका. ओळख पटवून घेणं हे कर्मचाऱ्याचं काम आहे. त्यात आपण सहकार्य करावं आणि त्यांनी आदब राखावी.

बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. ज्याला मत दिलं त्याचंच नाव आणि चिन्ह आलं का, हे शांतपणे बघा. तुम्ही पोहोचण्याआधीच तुमच्या नावावर कोणी मत टाकून गेलं असेल, तर भांडत बसू नका आणि परतही फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे टेंडर वोट मागा. ओळख पटली, तर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. यंत्र बंद पडलं, तर थोडा वेळ थांबा. भंडारा-गोंदियात फेरमतदान झालं, तेव्हा त्या ४९ केंद्रांवरच्या मतदारांना पुन्हा संधी मिळाली. अशा वेळी दुसरी तारीख जाहीर झाली का, याची खबर ठेवा.

आणखी एक गोष्ट. धर्म, जात किंवा भाषेच्या नावावर मत मागणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २ जानेवारी २०१७ रोजी हा अर्थ आणखी व्यापक केला. उमेदवाराचा धर्म असो किंवा मतदाराचा, दोन्ही त्यात आले. मशीद, मंदिर, चर्च यांचा वापर प्रचाराचं व्यासपीठ म्हणून करायला आचारसंहितेत मनाई आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर कोणी पत्रकं वाटायला आलं, तर मस्जिदच्या जबाबदार लोकांनी त्याला नम्रपणे बाहेरचा रस्ता दाखवावा. पैसे किंवा वस्तू वाटताना कोणी दिसलं, तर आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटोसह तक्रार करता येते.

उमेदवाराला काय विचारावे

सार्वत्रिक निवडणुकीत देशाचा पंतप्रधान कोण, हा मुद्दा सगळ्यावर भारी पडतो. पोटनिवडणुकीने बहुधा सरकार बदलत नाही. त्यामुळे आपल्या भागाचे प्रश्न विचारायला इथे जास्त जागा मिळते. आधीच्या खासदाराने सुचवलेली कोणती कामं अर्धी राहिली? अल्पसंख्याक शिष्यवृत्ती, उर्दू शाळांतल्या रिकाम्या जागा, दवाखाना, पाणी, रेल्वे यातलं केंद्राच्या हातात काय आहे आणि तुम्ही त्याचं काय करणार? आणि एक प्रश्न प्रत्येक उमेदवाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो: उरलेली मुदत पूर्ण होईपर्यंत तुम्ही या जागेवर राहणार का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कायद्याने बांधलेलं नाही. निवडून आलेला माणूस उद्या पुन्हा राजीनामा देऊ शकतो. तरीही चारचौघांत विचारलेला प्रश्न आणि त्याला दिलेलं उत्तर लोकांच्या लक्षात राहतं. साताऱ्याच्या आणि भंडारा-गोंदियाच्या मतदारांनी आपला हिशेब मतपेटीतच मांडला. आपल्या मतदारसंघात पोटनिवडणूक लागेल तेव्हा आपल्यालाही तो मांडता यावा, यासाठी घरातल्या प्रत्येकाचं नाव यादीत आहे का, हे याच आठवड्यात बघून घ्या.